भोपळ्याचा तास

सोमवारचा चौथा तास माझा.
वेळापत्रकात तिथं गणित होतं,
आता लिहिलंय : मन आणि वर्तन.
परिपत्रक आलं. सांगलीला तीन दिवस प्रशिक्षण,
दुपारी मसालेभात, शेवटी एक फाइल
आणि हसऱ्या पिवळ्या तोंडांचे स्टिकर.
मी मागच्या खुर्चीवर बसून
घटक चाचणीचे पेपर तपासून घेतले.

खोटं कशाला सांगू,
बावीस वर्षं माझा विश्वास होता
कपाटामागच्या निरगुडीच्या फोकावर.

जमिनीवर गोल करून बसायचं.
वस्तू ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं,
बाकीच्यांनी ऐकायचं.
फाइलीत चेंडू सुचवला होता.
पहिल्याच सोमवारी बिरुदेव हाकेनं
तो खिडकीतून भिरकावला,
रस्त्यापलीकडं, एक्स-रेवाल्या दवाखान्याच्या पत्र्यावर.
मिरजेत काहीही फेका,
पडतं ते दवाखान्यावरच.

दुसऱ्या सोमवारी तन्वीर सतारमेकर
घरून भोपळा घेऊन आला.
मंगळवेढ्याकडचा, खडखडीत वाळलेला,
एका अंगाला तडा म्हणून
अब्बांनी कोपऱ्यात सारलेला.
"बाई, ह्यो फेकता येत न्हाई.
धरायलाच दोन हात लागत्यात."

कापलेल्या तोंडात ज्यानं त्यानं तोंड घातलं
आणि नुसतं हुं केलं.
सातवी ब, अडतीस पोरं,
तासभर हुंकारत बसली.
मुख्याध्यापक दारात आले,
काही न बोलता गेले.

असे किती सोमवार.
एकाला पालीची भीती वाटते : हसलो सगळे, मीसुद्धा.
एकानं फक्त वास घेतला,
"जुन्या चिंचंसारखा येतोय,"
आणि पुढं दिला.
सन्मती मगदूम म्हणाली,
"मला चुलत्याकडं कुपवाडला ठेवणार हायत.
मला कुणी इचारलं न्हाई."
मग तिनं भोपळा बराच वेळ सोडलाच नाही,
आणि घंटा झाली.

बिरुदेव तो घ्यायचा, शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवायचा.
दिवाळी गेली. थंडी आली.
एका सोमवारी आतून आवाज आला,
जाड, बाप्या माणसासारखा :
"आई दवाखान्यात आया हाय. रातपाळी.
बारकीला मी निजवतो.
कडी लावतो.
मग लागल्या का बघतो.
परत बघतो.
मग उजाडतंय."

इतकंच.
पहिल्या तासाला त्याचं डोकं बाकावर टेकलं की
मी काय करत होते, ते आठवलं.
गणिताची बाई मी, मला मोजता येतं.
मोजलं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
तन्वीर त्याची पाळी नसताना बोलला,
"आमच्यात दोन वाजेपातूर पॉलिश चालतंय.
भ्या वाटलं तर फोन कर."
"फोन आईकडं असतोय."
"मग वरड की. दोन गल्ल्या तर हायत."

मार्चमध्ये तक्ता भरायला आला.
हाणामारीच्या घटना : कार्यक्रमापूर्वी, कार्यक्रमानंतर.
आदल्याच दिवशी बिरुदेवनं
पाचवीतल्या पोराच्या दप्तराचा बंद तोडला होता.
मी लिहिलं, अकरा. नंतर सात.
साहेब म्हणाले, "बाई, सात जरा जास्त दिसतात,
चार तरी करा."
म्हटलं, ते सात आहेत.
स्टिकरचं पाकीट तसंच परत केलं,
त्यातला एक कुणीतरी
भोपळ्याच्या तड्यावर चिकटवलेला.

आज पहिल्या तासाला
बिरुदेव बाकावर आडवा, तोंड उघडं,
एक चप्पल निसटलेली.
मी फळ्याकडं वळले, पाढा घ्या म्हटलं.
मागून आवाजच येईना.
वळून बघते तर सगळा वर्ग
एकोणतिसाचा पाढा
कुजबुजत म्हणतोय.
मी सांगितलं नव्हतं.
मध्ये कुणीतरी चुकलं.
दुरुस्ती मीही
कुजबुजूनच केली.