चिकटा

रात्री साडेबारानंतर, शेवटची कढई पालथी पडली
की मागच्या दाराने आम्हाला आत घेतात,
मला आणि थुप्तेनला.
बादल्या, खरवडण्या, वाफेचा पंप, कपाळाला बांधलेला दिवा.
स्कारबरोतल्या एकशेचाळीस भटारखान्यांची
धुरांडी मी आतून पाहिली आहेत.
पुढचे दरवाजे फारसे पाहिलेले नाहीत.

लोक विचारतात, बेर्नार्दिनु, तू सांग,
खरं चिनी कुठे मिळतं? आणि खिशाला झेपेल असं?
मी म्हणतो, कुठलं चिनी?
बारा कोसांवर बोली बदलते म्हणतात,
मिडलंड रस्त्यावर ती बारा दुकानांत बदलते.
सिच्वानवाल्यांचा चिकटा तांबूस,
खरवडताना डोळ्यांना धार, जिभेचं टोक बधिर.
हुनानचा काळा, टांगून धुरावलेल्या डुकराचा.
कँटनवाल्यांचा पिवळा, पातळ, लाजाळू;
आच मोठी आणि हात आखडता.
शिनजियांगच्या धुरांड्यात जिरं इतकं
की थुप्तेन मान आत घालून म्हणतो,
मला इथेच झोपू दे.
आणि जिथे साखरेचा पाक ओघळलेला असतो, संत्र्याच्या रंगाचा,
तिथे जाऊ नका.
किंवा जा. पोरं खूश होतात.

स्वस्ताईचीही खूण आहे माझ्याकडे:
पाटीवरचा आकडा चिकटपट्टी लावून बदललेला हवा,
एकदाच, आणि जरा शरमत.

हाओ गुईझेनबाईंचं दुकान
टायरवाला आणि दातांचा दवाखाना यांच्या बेचक्यात.
सहा टेबलं. बाई शान्शीच्या.
झाकण उघडलं तर सहा महिन्यांत
नखभरही चिकटा नाही.
थुप्तेनने माझ्याकडे पाहिलं.
असं धुरांडं वाचायला चष्मा लागत नाही:
गिऱ्हाईक नाही, वर्षाअखेर कुलूप.
मी बिल निम्मं लावलं.
घरी जाऊन पाहतो तर उरलेलं निम्मं
माझ्याच बादलीत, साबणाच्या डब्याखाली, घडी करून.

मग मी सांगत सुटलो.
चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे, मेहुणीच्या दिराला,
बस डेपोतल्या अख्ख्या पाळीला:
जा रे, नऊ डॉलरला वाडगा, अस्सल.
मी कुठे चाखलं होतं? पण सांगत सुटलो.
आणि लोक गेले की.

पुढच्या खेपेला चिकटा बोटभर!
आधी आनंद झाला, मग वास आला.
साखर. संत्र्याची साल. तळणीचं थकलेलं तेल.
माझीच माणसं ती. त्यांनी मागितलं, बाईंनी तळलं.
चार तास मी
माझंच बोलणं खरवडत होतो.

पहाटे बाई म्हणाल्या, बसा.
कोपऱ्यात, धुरांड्याच्या तोंडापासून लांब,
बांबूची चाळण वाफेवर होती.
आत ओटच्या पिठाच्या नळ्या, उभ्या,
एकमेकींना टेकून, पोळ्यातली घरं जशी.
वर काळा व्हिनेगर, ठेचलेला लसूण,
मेंढीच्या रश्शाचा एक डाव.
हे पहिल्या दिवसापासून करते, म्हणाल्या.
दाथोंगचे चार म्हातारे येतात त्यासाठी.
साडेसहा डॉलर. पाटीवर लिहिलेलं नाही.

थुप्तेन काही न बोलता दुसऱ्या चाळणीकडे सरकला.
माझा दिवा कपाळावर तसाच चालू,
त्यात वाफ पांढरी दिसली,
छतापर्यंत गेली, आणि नव्हती.
एकवीस वर्षं मी वर बघत आलोय.
वाफेचा चिकटा बसत नाही.
आणि मी साओ मिगेल बेटावरचा!
आमच्याकडे तापल्या जमिनीत हंडी पुरतात,
मांस शिजतं निव्वळ भुईच्या वाफेवर.
मला तरी कळायला हवं होतं.

आता कोणी विचारलं तर पत्ता देतो.
काय मागायचं, ते मात्र
माणूस पाहून.