कोण कोणासाठी थांबलंय

चवथीचा बोनस आला: बावीस हजार.
त्यात एकच गोष्ट येते.
प्रोसेसर, नाहीतर ग्राफिक्स कार्ड.
कुंडईच्या फॅक्टरीत गोळ्यांची पाकिटं मोजताना,
सांखळीला परतणाऱ्या बसमध्ये उभ्याउभ्या,
डोक्यात तेच. हे की ते.

मन कार्डाकडे ओढतं, खोटं का बोलू.
तीन पंख्यांचं, काळं, जाडजूड,
म्हापशाला आग्नेलच्या दुकानात काचेमागे ठेवलंय
दागिन्यासारखं.
प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन.
बसवला की त्याच्या डोक्यावर पंखा येतो
आणि तो जन्मात परत दिसत नाही.

आग्नेल म्हणाला, "आधी बघ तरी रे, अडतंय कुठे."
म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावले.
गल्लीत शिरलो. धूर, दहाबारा माणसं,
आणि चित्र अडखळलं.
हिरवा आकडा, कार्डाचा: त्रेपन्न.
लाल, प्रोसेसरचा: शंभर. शंभर. शंभर.

बाबा मागे उभे होते, कधीपासून कोण जाणे.
खाण बंद झाली तेव्हापासून त्यांची झोप उशिरा येते.
"हे काय मोजतोस?"
सांगून बघितलं.
एक जण हिशेब करतो, दुसरा चित्र काढतो.
पहिल्याचा हिशेब आला नाही
तर दुसरा नुसता बसून राहतो.
बाबांनी मान हलवली,
जणू ही गोष्ट माझ्या जन्माआधीची.

"म्हणजे बार्ज धक्क्यावर उभी आहे
आणि ट्रक पोचत नाहीत."

मग बोलत राहिले,
वर्षभरात बोलले नव्हते तेवढे.
पिसुर्ल्याहून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत खेपांवर खेपा,
मधे ती अरुंद मोरी.
"मालकाने मोठी बार्ज आणली. पांढरीशुभ्र.
नारळ फोडला, पेढे वाटले.
आणि ती अर्धी रिकामी, भरती निघून जाईपर्यंत.
आम्ही सगळे मोरीवर, एकामागे एक,
हॉर्न मारत."
"मग?"
"मग काय. मोरी कोणी रुंद केली नाही.
मोरीला कोण नारळ फोडतो?"

पटलं. तरी एक गोष्ट मी सांगितली नाही:
नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसत नाही,
बोर्ड बदलला की रॅम बदलते,
बावीसचे एकतीस होतात.
कार्ड मात्र आहे त्या खाचेत गुमान बसेल
आणि तिथे बसून जांभया देईल.

रविवारी पेटी उघडली.
धूळ लाल निघाली.
करडी नाही, लाल.
आठ वर्षं झाली आमचा ट्रक दारातून जाऊन,
कर्ज फिटून जे उरलं त्यात हे यंत्र आलं होतं.
बाबांनी चिमटीत धरली, अंगठ्याने चोळली.
"छप्पन ग्रेड," म्हणाले.
हसले की काय, टॉर्चच्या उजेडात नीट दिसलं नाही.

पंख्याखालची पेस्ट वाळून खपली झाली होती.
ती खरवडली, साडेतीनशेची नवी ट्यूब,
तांदळाएवढा ठिपका, चार स्क्रू.

पुन्हा तीच गल्ली. धूर, माणसं.
लाल एक्क्याण्णव. हिरवा सदुसष्ट.
अडखळतं अजून, पण कमी.
पैसे बँकेतच आहेत.
डिसेंबरपर्यंत बोर्डाचे जमतील,
किंवा मी मधेच म्हापशाला जाऊन
त्या काचेसमोर हरेन. माझा मला भरवसा नाही.

बाबा खुर्ची ओढून बसले.
गेम बघत नव्हते, कोपरा बघत होते.
"सदुसष्ट," म्हणाले. "बहात्तर."
मग बऱ्याच वेळाने, हळूच,
"भरतेय."