खोडलेले दोन गुण

क्रीडा विभागाच्या लोखंडी कपाटात
बॅडमिंटनच्या उसवलेल्या जाळीखाली
हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे. अक्षर माझं.
चोपड्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं मी फक्की मारली,
माठ भरले, गुण लिहिले.
खेळलो कधीच नाही.

रुमसिंग पावरा, एफ. वाय. बी. ए.
एसटी जिथून वळून परत येते
तिथून पुढे दोन कोस, सातपुड्याच्या पायथ्याला गाव.
सरांनी विचारलं, कबड्डी येते का?
तो म्हणाला, पळता येतं.
सर म्हणाले, पळून परतही यावं लागतं.
शिकवणी एवढीच झाली.

मातीला हात लावून कपाळाशी नेणारे पुष्कळ पाहिले.
हा मध्यरेषेवर नुसता थांबायचा,
परक्या घराच्या उंबऱ्यावर माणूस चप्पल काढायला थांबतो तसा.
मग आवाज.
खालचा, सपाट, लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा,
आणि गिरणी चालू आहे तोवर
समोरचे सात जण आपापले पाय मोजत मागे सरकायचे.

पहिलं वर्ष: एकशे चार.
दुसरं: दोनशे एक्क्याऐंशी. यावलला एका चढाईत पाच,
फैजपूरला पूर्वार्धातच दोन लोण.
"गडी से भो!" म्हणत लोकांनी त्याला
केळीच्या रिकाम्या ट्रकवर उभं केलं;
तो टपावरच्या वाळक्या पानांत बसूनच राहिला.
पेपरात फोटो आला, खाली नाव रामसिंग.
विद्यापीठाचा ब्लेझर मिळाला एप्रिलात.
त्रेचाळीस अंशांत सगळी बटणं लावून
शेवटच्या एसटीनं गावी गेला.

तिसऱ्या वर्षाचं पान मी नेहमी सावकाश उघडतो.
अमळनेर. अंतिम सामना. समोर धुळे. बरोबरी.
खुर्चीवर रेल्वेचा माणूस, मांडीवर फाइल.
शेवटची चढाई.
कोपऱ्यात त्यानं दोघांना शिवलं, तिसऱ्यानं घोटा धरला,
तो घोटा, तो माणूस, ती माती, सगळं ओढत
बोटाचं टोक रेषेला लागलं.
शिट्टी.
मी दोन लिहिले. शाई ओली होती.

लोक आत शिरले, ढोल सुरू झाला,
आणि हा गर्दीतून उलटा चालत पंचांकडे गेला.
गळ्याला हात लावून म्हणाला,
दम तुटला होता. तिथं, कोपऱ्यात.
पंच म्हणाले, मला तर ऐकू आलं नाही.
हा म्हणाला, मला आलं.

मी दोन खोडले. समोरच्या रकान्यात एक लिहिला.
आख्ख्या वहीत एवढीच खाडाखोड.

परतीच्या जीपमध्ये सर बोलले नाहीत.
रेल्वेचं पत्र आलं नाही.
त्यामुळेच आलं नाही, असं मी म्हणणार नाही;
उंची कमी पडली असंही कानावर आलं.

निवृत्त झालो तेव्हा वही पिशवीत घालून निघालो.
तो वनरक्षक आहे, केस पांढरे,
फेब्रुवारीत मजूर घेऊन जाळरेषा झाडत होता,
सागाची पानं अलीकडे, पलीकडे,
मधे साफ पट्टा.
चहा झाला. बायकोनं शेवेची ताटली ठेवली.
वही त्यानं चाळली, धान्य चाळावं तशी, एका कडेनं.
एकूण सहाशे सतरा, मी म्हणालो,
अजून कोणी मोडलेले नाहीत.
त्यानं मान हलवली. अमळनेरच्या पानावर थांबलाही नाही.

शेवटी म्हणाला, अन् मला धरलं किती वेळा?
ते कुठं लिहिलंय?
धुळ्याचा तो डावा कोपरा, बुटका, त्याचं नाव काय होतं?

आमच्या वहीला तो रकानाच नव्हता.

आता रोज दुपारी जुने गुणतक्ते पसरून बसतो,
झेरॉक्स पुसट झाल्यात, भिंग लागतं.
चव्वेचाळीसपर्यंत आलोय.
बुटक्याचं आडनाव सापडलं, देवरे.
नाव अजून नाही.