तीन रकाने, आठ ओळी

ए-फोरच्या कागदावर चोवीस घरं बसतात.
तीन रकाने, आठ ओळी.
सिडकोनेही आमचा सेक्टर असाच आखला असणार,
एकदा एक चौकट काढून
मग नुसतं पुढे पुढे चिकटवत.

कोपरखैरण्यात, दुसऱ्या मजल्यावर, रात्री साडेनऊला
मी समास मोजतो आहे:
वरून तेरा, डावीकडून सात मिलिमीटर.
तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
गेजचे काटे शून्यावर आणले,
मिलिमीटर म्हणजे काय ते मला सांगू नका.
कारखान्याच्या जागी आता कुणाचे तरी सर्व्हर
दिवसरात्र गार हवा खात बसलेत.
माजी कामगार मंडळाचं पत्रक मात्र वर्षातून चारदा निघतं,
आणि पत्त्यांचं काम माझ्याकडे,
कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो.

आधी वर्डमध्ये करायचो.
आठव्या ओळीपर्यंत सगळं दोन मिलिमीटर घसरायचं,
गावंडबाईंचा पिनकोड मुकादमच्या डोक्यावर.
मग भाचीने, रेवतीने, हे दुसरं बसवून दिलं.
यात कागद दिसत नाही, आज्ञा लिहायच्या.
“मामा, एक कंस राहिला तरी रुसतं हं.”
रुसलं. आठवडाभर रुसलं.
आमचा फोरमन बरा,
तो निदान कुठल्या ओळीवर चिडलाय ते खरं सांगायचा.

साध्या कागदावर छापून
मागे लेबलांचा कागद लावतो,
दोन्ही ट्यूबलाइटपुढे धरतो.
बायको म्हणते, एक्स-रे कुणाचा?

सेक्टरवाले पत्ते गुमान बसतात:
टाइप, खोली, चार शून्य शून्य सात शून्य नऊ.
अडतो तो हिरोजी केणी.
‘घणसोली गाव, तळ्याच्या वरच्या आळीत,
मधुकरच्या घरामागचं घर,
कोणी नसल्यास पिठाच्या गिरणीत द्यावे.’
यंत्र कळवतं, चौकट ओसंडली.
मी अक्षर बारीक करतो.
गिरणी कापत नाही.

आता टक्का.
ओळीच्या तोंडाशी टक्क्याचं चिन्ह टाकलं
की यंत्र ती ओळ वाचत नाही.
ओळ राहते, नाव राहतं, गिरणी असली तर गिरणीही.
फक्त छापलं जात नाही,
आणि मागचा माणूस एक घर पुढे सरकतो.
एकाहत्तर टक्के झालेत, डाव्या कडेला उभे.
बोनसच्या टक्क्यांसाठी अकरा दिवस गेटवर बसलो होतो,
त्यातलेच बरेचसे.

गेल्या दिवाळीत हिशोब बरोबर एकशे वीसवर आला.
पाच कागद, एकही घर वाया नाही.
मला त्याचं समाधान वाटलं होतं.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आज संध्याकाळी फोन.
“मी तांडेल. पॅकिंगचा. दोन अंक आले नाहीत.”
मी गप्प.
तांडेल गेला असं कळलं होतं.
गेला तो त्याचा भाऊ, दिवाळे गावातला,
दोघांचा आवाज सारखा, बिडीचा ब्रँड सारखा,
सांगणाऱ्याने तरी किती लक्षात ठेवायचं.
“टपालखात्याचा घोळ,” मी म्हणालो
आणि फोन कानाशी धरूनच
बॅकस्पेस दाबली. एकदाच.

यादी बिल्ल्याच्या नंबराने आहे.
तांडेल जुना, चौऱ्याऐंशी नंबर.
तो आत शिरला तशी त्याच्यामागची सगळी माणसं
बाकावर सरकल्यासारखी सरकली,
आणि शेवटचा कागदाबाहेर पडला.
शेवटचा म्हणजे मी;
माझ्यानंतर भरतीच झाली नाही.
(स्वतःलाही एक अंक पाठवतो,
टपाल चालू आहे का बघायला.)

सहाव्या कागदावर डाव्या कोपऱ्यात माझं नाव,
खाली आणि बाजूला तेवीस कोरी घरं.
लेबल सोलून घेतलं. कागद परत पाकिटात ठेवला.
पुढच्या खेपेला तो आधी वापरायचा,
म्हणजे यंत्राला एक ओळ वाढवून सांगावं लागेल:
दुसऱ्या घरापासून सुरू कर,
पहिल्यात कुणीतरी राहून गेलंय.