शून्य ठोका

लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही.
हात नुसता जवळ नेला तरी सूर ढळतो,
म्हणून बांबूची कामटी तासून घेतलीय,
टोकाला प्लॅस्टिकच्या बांगडीचा तुकडा.
तेवढ्यानं ट्रिमर फिरवायचा, केसभर,
आणि हात मागं घेऊन श्वास धरायचा.

राजारामपुरी, अकरावी गल्ली, माडीवरची खोली.
थर्मोकोलच्या डब्यात माझा स्फटिक
छोट्या बल्बच्या उबेला पडून आहे,
कोंबडीखालच्या अंड्यागत.
बायको म्हणते,
पोरांना कधी इतकं पांघरूण घातलं नाहीत तुम्ही.

दिल्लीहून दहा मेगाहर्ट्झवर ठोके येतात,
सेकंदाला एक, आभाळाला टेकून.
गच्चीवरची तांब्याची तार त्यांना धरते
आणि खालच्या पिठाच्या गिरणीची खरखरही धरते.
दळण संपेपर्यंत थांबायचं.

मग दोन्ही एकात एक सोडायचे, त्यांचा आणि माझा.
आधी शिट्टी.
शिट्टी उतरत जाते, घोगरी होते,
मग गुरगुर, मग फडफड,
मग कानाला काही उरत नाही.
मीटरचा काटा तेवढा हेलकावतो
रंकाळ्यात बांधून ठेवलेल्या होडीसारखा.
दहा सेकंदांत एक हेलकावा
म्हणजे दहा कोटींत एकाची चूक,
तीन वर्षांत एक सेकंद.

संध्याकाळी मात्र हात लावायचा नाही.
दिवस मावळताना आभाळाचं छत वर सरकतं,
वाट लांबते, सूर हलतो,
आणि माणूस आपलाच स्फटिक पिळत बसतो.
पहिले सहा महिने मी तेच केलं.
बरोबर असलेल्याला रोज दुरुस्त केलं.

उद्यमनगरात मी टाइमकीपर होतो, अकरा वर्षं.
फाउंड्रीच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं.
मला ठाऊक होतं.
मालक म्हणायचे, असू दे, पुढं असलेलं बरं.
सकाळचा भोंगा भिंतीवर,
संध्याकाळचा मालकांच्या मनगटावर.
आणि मनगट अगदी बरोबर असायचं.

दस्तगीर मुल्लाणी, मोल्डिंगचा,
वडणग्याहून सायकलवर, शिवाजी पुलावरून.
फाटकात चाक यायचं आणि भोंगा संपलेला असायचा.
लाल शाई. अर्धा तास कापला.
एकदा म्हणाला, 'साहेब, चहाच्या गाड्यावर रेडिओ
आत्ता साडेसात म्हणाला की ओ.'
मी म्हणालो, 'रेडिओ पगार देतो काय तुला?'
सगळे हसले. तोही हसला.

परवा दुपारी काटा जवळजवळ थांबला
तेव्हा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून बघितलं.
रोज चार मिनिटं, वर्षाचे तीनशे दिवस, अकरा वर्षं:
दोनशेवीस तास. साडेसत्तावीस पाळ्या.
माणशी.
कापलेले अर्धे तास यात धरलेले नाहीत.
त्यांची वही मालकांकडं राहिली.

काल सोमवार, सुट्टीचा.
दस्तगीर पत्रिका घेऊन आला, धाकटीचं लग्न.
जिना चढून धाप लागली होती.
डबा, तारा, मीटर बघून म्हणाला,
'ह्ये काय काढलंसा?'
हेडफोन त्याच्या कानाला लावला.
बराच वेळ डोळे मिटून बसला.
'काय ऐकू येतंय?'
'काय बी न्हाई.'
'तेच ऐकायचं असतं,' मी म्हणालो.
त्यानं मान हलवली,
शहाण्या माणसासमोर हलवतात तशी.

सांगायचं होतं. कॅलेंडर त्याच्या पाठीमागंच टांगलेलं,
पान उलटलं असतं की झालं.
मी विचारलं, चहात साखर किती.

निघताना म्हणाला, 'अकराला निकाह. वेळंवर या, साहेब.'
आणि मनगट वळवून घड्याळ बघितलं.
माझीही नजर गेली, जुनी खोड.
चार मिनिटं पुढं.
त्यानं ओळखलं मी काय बघतोय ते.
'ऱ्हाऊ द्या,' म्हणाला, 'सवय झालीया.'

खाली गिरणी सुरू झाली
आणि काटा पिसाटल्यासारखा हलायला लागला.