सुकतीची वेळ, सित्रा

बर्फाचं मशीन बंद पडलं म्हणून मी आलो,
नाहीतर कोण येतं इकडं.
रस्त्याच्या एका अंगाला तेलाच्या टाक्या,
उपड्या टोपांसारख्या, पांढऱ्या, मोजता न येणाऱ्या.
दुसऱ्या अंगाला हे:
चार खजुरी, त्यातल्या दोन शेंडा गेलेल्या,
अंगणात तारेचे गरगूर पालथे,
त्यांच्या आत मांजरं झोपलेली,
कशी शिरली कोण जाणे.
शुक्रवार. अजून बांग झाली नव्हती.

झडप बदलली, गॅस भरला.
आता पाणी गोठेपर्यंत दोन तास थांबायचं.
यंत्राला घाई चालत नाही
हे मी साहेबाला दर वेळी सांगतो.
हाजी मक्कीला सांगावं लागलं नाही.
त्यानं लुंगी वर खोचली
आणि हनुवटीनंच समुद्र दाखवला: चल.

समुद्र होता कुठे पण.
सुकतीनं त्याला अर्धा मैल मागे नेलेला.
राखाडी गाळ, शेवाळ, खेकड्यांची भोकं,
वास थेट जयगडच्या खाडीचा,
इतका थेट, की मी खिशातला हात काढून
धरायला काहीतरी शोधलं.

हदरा म्हणजे कुंपण.
पूर्वी खजुरीच्या दांड्यांचं, आता बांबू आणि जाळी.
मासा भरतीला आत येतो,
उतरत्या पाण्याबरोबर परत निघतो,
मध्ये भिंत लागते.
मासा भिंतीला भिंत म्हणत नाही, वाट म्हणतो.
तिच्या कडेकडेनं जात राहतो
खोल पाण्याच्या दिशेनं, म्हणजे बरोबरच दिशेनं,
आणि शेवटी भिंत वळते.
एवढंच.
गळ नाही, आमिष नाही.

"कम सना?" हाजीनं विचारलं. किती वर्षं इथे?
मी दोन्ही पंजे दाखवले, आणि वर एक बोट.
त्यानं कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि एवढ्या मोठ्यानं हसला
की आरोक्यम, नागपट्टणचा पोरगा,
टोपली टाकून बघायला लागला.
मीही हसलो. मला जरा उशिरा आलं.

मग मी शहाणपणा केला.
साफी दिसायला गरीब, तपकिरी, ठिपक्यांचा,
तळव्यात मावेल एवढा. उचलायला गेलो.
काटा आत, आणि दंडापर्यंत आग.
खाडीकाठचा माणूस, आणि मासा कुठे धरावा कळेना!
आई असती तर आधी मासा कोणता ते विचारलं असतं,
हात नंतर बघितला असता.

हाजीनं खांद्याला धरून काठावर आणलं.
थर्मासमधला चहा, साखरेचा, वाफाळता,
ओतला सरळ हातावर.
मी ओरडलो. तो ओतत राहिला.
दुसरा कप.
तिसरा तो स्वतः प्यायला.
विष ऊन पाण्याला भितं, आरोक्यम हिंदीत म्हणाला,
आमच्याकडे शिंगाळ्याला हेच करतात.
आमच्याकडेही, मी म्हणालो,
आणि आम्ही दोघं गप्प बसलो थोडा वेळ.

हात निवेपर्यंत हाजी सांगत होता,
निम्मं अरबीत, निम्मं बोटांनी:
त्या खांबाच्या पलीकडे, खाऱ्याच्या खाली
गोड्या पाण्याचा झरा होता.
त्याचा बाप पखाल घेऊन बुडी मारायचा,
झऱ्याला पखालीचं तोंड लावायचा,
आणि समुद्राच्या तळातून
प्यायचं पाणी वर आणायचा.
आता?
त्यानं तळवा उलटा केला.
कधी आटला कुणी बघितलं नाही.
वर समुद्र होता तसाच होता.

बांग झाली. शेडमध्ये मशीन खडखडलं,
पहिला बर्फ घसरून पडला.
हाजीनं एक खडा उचलून तोंडात टाकला,
डोळे मिटून चघळला.
"हिलू," म्हणाला. गोड.

कागदावर डाव्या हातानं लिहिलं:
झडप बदलली. मशीन चालू.
शेऱ्याचा रकाना तसाच सोडला.

गाडीत शेजारच्या सीटवर बर्फात सहा साफी.
टाक्या पुन्हा सुरू झाल्या.
रस्ता तिथे तारेच्या कुंपणाच्या
कडेकडेनं जातो, बराच वेळ.