दोन दिवसांच्या बोलीवर

दस्तगीरभाईंनी काउंटरवरून सरकवला कॅमेरा,
साबणाच्या वडीएवढा, एका कोपऱ्यात खरचटलेला.
"दोन दिवस वापरून बघा, मग पैशाचं बोलू."

सदऱ्याच्या खिशात बसतो. हे एक बरं.

गंगावेशीत पहाटे धार काढणारा गवळी:
बटण दाबलं, कॅमेरा जरा विचारात पडला,
आणि मग टिपली त्यानं
भरली कासंडी उचलून निघालेली पाठ.
धार नाहीच.

तालमीत उजेड कमी.
तांबड्या मातीचा झाला गार झालेला चहा,
दोन पैलवान मिळून एक ढग.
मिरचीचा लाल मात्र आहे त्याहून लाल,
लक्ष्मीपुरीतला एखादा व्यापारी खूश होईल असा.
झूम केला की कण्हतो.
रंकाळ्यावर उन्हात पडदा काळाठिक्कर,
समोर संध्यामठ आहे असं धरून चाललो.

हे सगळं विजेच्या बिलामागं लिहीत बसलो होतो,
मालन आत्ती समोर, शेंगा फोडत.
फोटो म्हटलं की तिचे ओठ मिटतात,
पुढचा दात गेल्यापासून हे असंच.
बटण दाबलं. तो विचारात पडला.
"झालं न्हवं?" म्हणाली,
आणि हसली,

तेव्हा वाजला खट्ट.

दात नाही. बाकी सगळं आहे.

दस्तगीरभाईंना सांगितली ती तक्रारच:
फार उशीर करतो हो.
पाचशे कमी केले त्यांनी.
आत्तीचा फोटो
मी दाखवला नाही.